‘वाजवी’ बळ म्हणजे किती?

पोलिसांच्या गोळीबारावरचे अमेरिकेतले दिवाणी दावे आज ज्या कसोटीवर तपासले जातात, ती एकही गोळी न सुटलेल्या प्रकरणातून आली आहे.

पळणाऱ्या संशयितावर सरसकट गोळी झाडायची जुनी मुभा १९८५ मध्येच गेली होती. ते प्रकरण मेम्फिसचं. कुंपण चढणाऱ्या १५ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय मुलाला पोलिसाने मागून गोळी घातली. त्याच्याजवळ १० डॉलर आणि एक पर्स निघाली.

आजची कसोटी १९८९ च्या निकालातली. तो शार्लट शहरातल्या एका मधुमेही कृष्णवर्णीय माणसाचा. साखर उतरली म्हणून तो संत्र्याचा रस घ्यायला दुकानात शिरला आणि रांग पाहून लगबगीने बाहेर पडला. एवढ्यावरून पोलिसाला संशय आला. बेड्या पडल्या, झटापटीत पाय मोडला. दुकानात काहीच घडलं नव्हतं, हे कळल्यावर त्याला घरी सोडलं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की बळ ‘वाजवी’ होतं का, हे त्या क्षणी त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाच्या नजरेने ठरवावं, मागाहून सुचलेल्या शहाणपणाने नाही. शिवाय पोलिसाच्या मनात काय होतं, ते पाहूच नये. वाईट हेतूने वापरलेलं वाजवी बळ चालेल. चांगल्या हेतूने वापरलेलं अवाजवी बळ चालणार नाही. वाचायला समतोल वाटतं. पण वर्णद्वेष मनातच असतो, आणि त्याचीच झडती बंद झाली. आपल्याकडे ‘वाजवी’ भाजीच्या भावाला म्हणतात, घासाघीस दोन्ही बाजूंनी होते. इथे एक बाजू बहुधा मेलेली असते.

वस्तीशी मिसळून काम करणाऱ्या पोलिसांसाठी १९९४ च्या कायद्याने पैसा दिला, एक लाख नेमणुकांचं लक्ष्य ठेवून. त्याच कायद्यात तुरुंग बांधायलाही पैसा होता. मिसळणं किती झालं, ते मिसुरी राज्यातल्या फर्ग्युसन शहरावरच्या २०१५ च्या सरकारी अहवालात दिसतं: लोकसंख्येत कृष्णवर्णीय ६७ टक्के, अटकेत ९३ टक्के, आणि पोलीस दंडवसुली करून शहराची तिजोरी भरण्यात गुंतलेले.

कॅलिफोर्नियाने २०२० पासून प्राणघातक बळासाठी ‘आवश्यक’ हा शब्द कायद्यात आणला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने म्हटलं, की धोक्याचा तेवढा क्षण पाहून भागणार नाही, आधीचं सगळं पाहावं लागेल. ते प्रकरण टेक्सासचं. टोल थकल्यावरून अडवलेली गाडी निघाली, तसा पोलीस तिच्या दारात चढला आणि त्याने चालकाला गोळी घातली. पोलिसाने धोका स्वतःच ओढवून घेतला असेल तर काय, याचं उत्तर मात्र न्यायालयाने दिलं नाही. त्याच महिन्यात मिनियापोलिस आणि लुइव्हिलच्या पोलिसांवर न्यायालयीन देखरेख आणणाऱ्या करारांतून केंद्र सरकारने अंग काढून घेतलं.