गाडी पाणी पिते, ते जातं कुठे?

दर रविवारी रेडिएटरमध्ये तांब्याभर पाणी घालावं लागणाऱ्या गाड्या अजूनही पुष्कळ घरांच्या अंगणात उभ्या आहेत. कुणाकडे हौसेने जपलेली प्रीमियर पद्मिनी, कुणाकडे कार्ब्युरेटरवाली मारुती ८००. ‘जुनी गाडी आहे, थोडं पाणी पिणारच’ असं म्हणून मालक चालवून घेतो. पण इंजिन थंड ठेवणारी यंत्रणा बंदिस्त असते. ती धड असेल तर महिनोन् महिने पाण्याची पातळी हलत नाही. हलली तर पाणी कुठून तरी बाहेर जातंय, किंवा इंजिनाच्या आत जातंय, आणि हे दुसरं जास्त वाईट.

गळती बुजवणं त्यामानाने सोपं, ती सापडणं कठीण. बॉनेट उघडून टॉर्च मारत कुठे गळतंय ते शोधण्याआधी केव्हा गळतंय ते बघावं, असं माझं मत आहे. त्यासाठी आतलं विज्ञान थोडं माहीत हवं.

पेट्रोल जळून निघणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश चाकांच्या कामी येते, तेवढीच धुराबरोबर सायलेन्सरमधून जाते आणि उरलेली पाण्याला वाहून न्यावी लागते. म्हणजे घाट चढताना इंजिन २० किलोवॅट शक्ती देत असेल तर जवळपास तेवढीच उष्णता दर सेकंदाला पाण्यात उतरते. छोट्या गाडीत पाणी असतं चारेक लिटर. रेडिएटरने काम सोडलं तर एवढं पाणी सेकंदाला एका अंशाहून जास्त वेगाने तापेल. इंजिनाच्या धातूत काही उष्णता मुरते म्हणून प्रत्यक्षात थोडी जास्त सवलत मिळते, तरी हिशेब मिनिटांचाच. काटा लाल पट्टीत गेल्यावर ‘पुढच्या ढाब्यावर बघू’ म्हणणारे इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसवलेलं धातूचं झाकण, गमावतात ते यामुळे.

दुसरी गोष्ट दाबाची. रेडिएटरचं झाकण हे नुसतं झाकण नव्हे, स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीसारखा तो दाबाचा व्हॉल्व्ह आहे. बहुतेक झाकणांवर ०.९ च्या आसपासचा आकडा छापलेला असतो. बाहेरच्या हवेपेक्षा एवढे बार जादा दाब आत साठला की मगच झाकण उघडतं. या दाबाखाली साधं पाणी १०० ऐवजी ११८ अंशांच्या आसपास उकळतं. झाकणाची रबरी सील कडक होऊन दाब सुटू लागला तर हे सगळं संरक्षण जातं. उंचीवर तर आणखी पंचाईत, कारण दर तीनशे मीटरला उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने उतरतो आणि महाबळेश्वरच्या उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांच्या आतच उकळतं. त्यामुळे गळती कुठेच सापडत नसेल तर आधी झाकण बदलून बघावं. सगळ्यांत स्वस्त सुटा भाग तोच.

गरम इंजिनाचं झाकण मात्र उघडायचं नाही. ११५ अंशांवरच्या चार लिटर पाण्यावरचा दाब एकदम काढला तर त्यातलं शंभरेक ग्रॅम क्षणात वाफ होतं. एवढ्या वाफेला दीडशे लिटरहून जास्त जागा लागते, आणि ती मिळते तुमच्या तोंडाच्या दिशेने. रेडिएटरचा वरचा पाईप हाताला कोमट लागेपर्यंत थांबावं.

आता ‘केव्हा’चं बघू. रात्रभर उभ्या गाडीखाली सकाळी थेंब दिसतात आणि गाडी तापली की गळती थांबते, असं असेल तर संशय पाईपांच्या टोकांवर घ्यावा. जुनं रबर क्लिपखाली दबून तसंच बसतं, त्याचा ताण संपतो. रात्री सगळं गार होऊन आकसलं की रबर आणि धातूची नळी यांच्यात केसाएवढी फट पडते. तापलं की रबर फुगून ती बुजवतं. क्लिप नुसती आवळत राहण्यात अर्थ नाही, रबर चिरतं. पाईप काढून नळीवर साचलेला पांढरा थर बारीक पॉलिश पेपरने घासून काढावा आणि पाईप नवा बसवावा. लांबी पुरत असेल तर टोक सेंटीमीटरभर कापूनही भागतं. मात्र मधल्या भागात पाईप दाबल्यावर करकरला किंवा लिबलिबीत लागला तर काटकसर करू नये.

इंजिन चालू असतानाच गळत असेल तर वॉटर बॉडीकडे वळावं. मेकॅनिक मंडळी वॉटर पंपाला याच नावाने ओळखतात. पंपाच्या दांड्यावर दोन गुळगुळीत कड्या एकमेकींवर घासत पाणी अडवतात. त्या झिजल्या की पाणी बेअरिंगकडे सरकतं. ते बेअरिंगमध्ये जाऊ नये म्हणून पंपाच्या खालच्या अंगाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं. त्या भोकातून ओघळ उतरलेला दिसला की सील गेलं. काही हुशार लोक ते भोकच बुजवतात! मग पाणी बेअरिंगमध्ये शिरतं आणि महिन्याभरात पंप किंचाळू लागतो. पुली हाताने हलवून बघावी. हलत असेल तर पंप बदलणं हाच उपाय, आणि स्पॅनर धरता येणाऱ्याला ते घरी जमतं.

गाडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी थेंब पडत असतील तर ते गंमतीचं वाटतं. इंजिन बंद होताच पंप थांबतो, पण हेडच्या धातूत साठलेली उष्णता पाण्यात येतच राहते. त्यामुळे तापमान आणि दाब दोन्ही थोडा वेळ वाढतात. रेडिएटरची बारीक चीर नेमकी तेव्हा उघडी पडते. जुन्या पितळी-तांब्याच्या रेडिएटरला डाख लावून घेता येतो. नंतरच्या ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला वर-खाली किंवा बाजूंना प्लॅस्टिकच्या टाक्या असतात. त्यांना एपॉक्सीची पुट्टी फासणं हा फक्त घरी पोचण्यापुरता इलाज आहे, कारण तापताना प्लॅस्टिक आणि पुट्टी सारख्या प्रमाणात फुगत नाहीत.

झाकण बदललं, गळती डोळ्यांना दिसतच नाही, तरी पातळी उतरते? मग हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि त्याखालचा इंजिनाचा ब्लॉक यांच्यामधली पातळ सील. पद्मिनीत ब्लॉक ओतीव लोखंडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचं. ८० अंश तापमान वाढलं तर तीस सेंटीमीटर लांबीचं ॲल्युमिनियम सुमारे ०.५५ मिलिमीटर लांबतं, लोखंड त्याच्या निम्मंच. दरवेळी गाडी तापली आणि निवली की हे दोन धातू एकमेकांवर सरकतात, आणि मध्ये दबलेली गॅस्केट हे वर्षानुवर्षं सोसते. ती फाटली की सिलिंडरमधला जळता वायू पाण्यात घुसतो. परीक्षा सोपी आहे. इंजिन पूर्ण गार असताना चालू करावं आणि वरचा पाईप हातात धरावा. पाणी अजून गारच असताना मिनिटभरात पाईप टणक झाला तर तो दाब वाफेचा नाही, सिलिंडरमधून आलेला आहे. मेकॅनिककडे रसायनाची कुपीही मिळते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा निळ्या द्रावातून ओढायची. तिच्यात कार्बन डायऑक्साइड असेल तर द्राव आम्लधर्मी होऊन पिवळा पडतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला ब्रोमोथायमॉल ब्लू तो हाच.

हेडचं काम घरी करू नये असं मी सांगेन. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, ठरल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचने (किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्याने) टप्प्याटप्प्याने आवळावे लागतात. वाकलेलं हेड तर मशीनवर घासून सपाट करावंच लागतं.

राहिली हळद. ट्रक ड्रायव्हर रेडिएटरमध्ये हळदीची पूड टाकतात, ही थाप नव्हे. पाणी गळतीकडे धावतं, सोबत पूड जाते, भिजून फुगते आणि भोकात अडकते. बाटलीतल्या काही ‘लीक स्टॉप’ द्रावणांत सोडियम सिलिकेट असतं, ते तापलेल्या चिरेशी पाणी गमावून काचेसारखं घट्ट होतं. दोन्हींची अडचण एकच: कुठली फट गळतीची आणि कुठली रेडिएटरच्या नळीची, हे त्यांना कळत नाही. आडरानात अडकलात तर जरूर वापरा, पण घरी आल्यावर यंत्रणा धुऊन काढा.

आणि तो रविवारचा तांब्या. बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम कार्बोनेट सर्वांत तापलेल्या भिंतीवर जाऊन बसतो, म्हणजे जिथून उष्णता निघायला हवी नेमका तिथेच. शिवाय प्रत्येक तांब्याबरोबर ताजा ऑक्सिजन आणि ताजे क्षार आत जातात, आधी घातलेलं गंजरोधक पातळ होतं. लोखंड, ॲल्युमिनियम, पितळ हे वेगवेगळे धातू एकाच खारट पाण्यात असले की त्यांची बॅटरीच तयार होते आणि त्यातला ॲल्युमिनियम झिजतो. गळतीमुळे गंज, गंजामुळे नवी गळती. आपल्याकडे पाणी गोठत नाही म्हणून कूलंट (रेडिएटरच्या पाण्यात मिसळायचा द्राव) नको, हा समज चुकीचा आहे. कूलंट हवा तो गंजरोधकासाठी. तो मिसळायला बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर आणावं. रंगावरून कूलंट ओळखू नये, डब्यावरचा प्रकार वाचावा, कारण रंग कंपनी ठरवते.

भरताना गाडीचं नाक जरा उंचावर ठेवावं, हीटर असेल तर तो पूर्ण गरमवर. झाकण उघडं ठेवून इंजिन चालू करावं आणि थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह) उघडेपर्यंत बुडबुडे निघू द्यावेत. अडकलेली हवा हेडपाशी राहिली तर तिथलं पाणी फिरत नाही. काढलेला जुना कूलंट उघड्या बादलीत ठेवू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं ते चाटतात. यकृतात त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं, त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात आणि थोडंसं पोटात गेलं तरी जनावर मरतं. लहान मुलांनाही धोका तोच. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे द्या.