वलगण

वलगण : मृगाच्या पहिल्या जोरदार पावसात नदीतले व खाडीतले मासे अंडी घालण्यासाठी ओढे, वहाळ आणि तुंबलेल्या भातखाचरांत शिरतात, ती घटना. हा शब्द रायगड, ठाणे, पालघर भागांतला. दक्षिण कोकणात ‘चढणीचे मासे’ म्हणतात. चढण म्हटले की प्रवाहाविरुद्ध वर जाणारा मासा डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात बराचसा प्रवास आडवा असतो, पात्राचा काठ ओलांडून शेताकडे.

उन्हाळाभर डोहात अडकलेल्या माशांना पाण्याची वाढती पातळी, गढूळपणा, उतरलेले तापमान आणि नवा प्रवाह यांमुळे चेतना मिळते. रोहू-कटल्यासारखे मासे साचलेल्या तळ्यात अंड्यांनी भरतात, पण तिथे ती सोडत नाहीत. म्हणूनच 10 जुलै 1957 रोजी मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी माशाच्या मेंदूखालच्या पीयूष ग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन केलेले प्रजनन मत्स्यशेतीला कलाटणी देणारे ठरले. पूर जे काम फुकट करतो, ते सुईने करावे लागले.

खाचरातले पाणी उथळ, कोमट आणि संथ असते. बुडालेले गवत कुजू लागले की सूक्ष्म प्राणी वाढतात आणि पिल्लांना तोंडाजवळ खाद्य मिळते. मोठे शिकारी मासे इतक्या उथळ पाण्यात सहसा येत नाहीत. मात्र हेच कुजणे रात्री पाण्यातला प्राणवायू संपवते. अशा जागी हवेतून श्वास घेऊ शकणारे मरळ, शिंगी आणि मागूर तगतात. खाडीतली चिवणी ही मासळी याच दिवसांत गाभोळीने, म्हणजे अंड्यांनी, भरते, आणि नेमकी तेव्हाच तिला मागणी असते.

पूर किती उंच चढला यापेक्षा तो किती दिवस टिकला आणि कसा ओसरला, हे महत्त्वाचे. रोहूची अंडी 27–28 अंश सेल्सियसला साधारण 15–18 तासांत फुटतात, पण पिल्लाला पोटातला बलक संपवून स्वतः खायला लागेपर्यंत आणखी तीनेक दिवस लागतात. त्याआधीच पावसाने ओढ दिली, तर पिल्ले खळग्यांत अडकतात आणि बगळ्यांचे फावते. मोठे मासे अंडी टाकून लवकर परततात. पिल्ले मागे राहून उतरत्या पाण्याबरोबर बांधाच्या खांडीतून नदी गाठतात. या उतरणीला लोकभाषेत चढणीइतका मान नाही.

मासेमारीही याच अरुंद वाटांवर होते. खांडीत बांबूच्या कामट्यांचा सापळा लावला किंवा वहाळाच्या तोंडाशी पाग (फेकायचे जाळे) टाकला, की अंडी घालण्याआधीच माद्या सापडतात. रोहूच्या मादीत वजनाच्या दर किलोमागे दोन-तीन लाख अंडी असतात. सापळा अर्ध्या रुंदीतच लावला, तर निदान काही माद्या पुढे जातात. 1 जून ते 31 जुलै ही यांत्रिक नौकांवरची बंदी समुद्रापुरती आहे; खाचरातला मासा तिच्या कक्षेत येत नाही.

रस्त्याखालची मोरी हा दुसरा अडथळा. पाइपचे खालचे तोंड ओढ्याच्या तळापासून वीतभर जरी अधांतरी राहिले, तरी लहान मासे तिथेच थडकतात. पाइपचा तळ ओढ्याच्या तळाखाली थोडा गाडून आत वाळू-गोटे साचू दिले, तर वाट खुली राहते.