प्लाझ्मा: रक्तपेढीतला आणि ट्यूबलाइटमधला

रक्तपेढीतून निरोप येतो, ‘प्लाझ्माच्या दोन पिशव्या लागतील.’ त्याच दिवशी पेपरात ‘आदित्य-एल१’ची बातमी असते, तिच्यात सूर्याकडून वाहत येणारा प्लाझ्मा असतो. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध आहे का? पदार्थ म्हणून अजिबात नाही. नावापुरता मात्र आहे.

रक्तातल्या तांबड्या-पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट वेगळ्या काढल्या की फिकट पिवळा द्रव उरतो, तो रक्तातला प्लाझ्मा. रक्ताचा साधारण ५५ टक्के भाग हाच असतो. त्यात बहुतांश पाणी, शिवाय प्रथिनं, क्षार आणि रक्त गोठवणारे घटक. (हे घटक गोठण्यात खर्ची पडल्यावर जे उरतं ते सीरम.) पिशवीतला प्लाझ्मा उणे ३० अंशांखाली गोठवून ठेवतात.

भौतिकशास्त्रातला प्लाझ्मा म्हणजे इलेक्ट्रॉन सुटे झालेला वायू. धन आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले अणू) आणि ऋण इलेक्ट्रॉन त्यात जवळपास तोलून असतात, त्यामुळे एकंदर भार शून्याच्या आसपास राहतो. पण त्यातून वीज वाहते आणि चुंबकाने तो वळतो. आभाळात चमकणारी वीज हा प्लाझ्माच. हा प्लाझ्मा नेहमी भाजून काढणारा असतो, असं अनेकांना वाटतं. सूर्याच्या गाभ्यात तापमान सुमारे दीड कोटी अंश आहे हे खरं, पण पेटलेल्या ट्यूबलाइटच्या काचेला आपण हात लावू शकतो. तिथे तापलेले असतात ते हलके इलेक्ट्रॉन. जड अणू खोलीच्या तापमानाच्या जवळपासच राहतात.

आता नावाकडे येऊ. ग्रीक भाषेत ‘प्लाझ्मा’ म्हणजे घडवलेली, आकार दिलेली वस्तू. प्लॅस्टिक आणि प्लॅस्टर याच कुळातले. एकोणिसाव्या शतकात जीवशास्त्राने हा शब्द उचलला. १८३९ मध्ये पुर्किंये या चेक शास्त्रज्ञाने ‘प्रोटोप्लाझम’ हे नाव वापरलं, ज्याला आपण जीवद्रव्य म्हणतो. १९२८ मध्ये अमेरिकेत अर्व्हिंग लँगम्यूर या शास्त्रज्ञाने वीज सोडलेल्या नळीतल्या, इलेक्ट्रॉन सुटे झालेल्या वायूला प्लाझ्मा म्हटलं. हॅरॉल्ड मॉट-स्मिथ या त्यांच्या सहकाऱ्याने पुढे लिहिलेली आठवण मला फार आवडते: नळीतला तो वायू इलेक्ट्रॉन, आयन आणि अशुद्ध कण वाहून नेतो हे पाहून लँगम्यूरना पेशी आणि जंतू वाहून नेणारं रक्त आठवलं. म्हणजे प्रयोगशाळेतल्या झगमगत्या नळीला नाव मिळालं ते आपल्या शिरांमधून.

मराठी परिभाषेने यांना दोन नावं दिली: रक्तातला तो रक्तद्रव आणि नळीतला तो आयनद्रायू. द्रायू म्हणजे वाहणारं काहीही, द्रव असो वा वायू. विद्यार्थ्यांना शिकवताना हे दोन शब्द आधी सांगावेत असं मला मनापासून वाटतं. गोंधळ मुळातच टळतो. लँगम्यूरना दिसलेलं रक्त मात्र ‘आयनद्रायू’त उरत नाही, म्हणून ती गोष्ट वेगळी सांगावी लागते.