रिसॉर्ट-बेट (मालदीव)

हिंदी महासागरातील मालदीव प्रजासत्ताकात केवळ पर्यटकांच्या निवासासाठी शासनाकडून भाडेपट्ट्याने घेतलेले, मूळ लोकवस्ती नसलेले प्रवाळबेट. एका बेटावर एकच हॉटेल असा सर्वसाधारण प्रघात आहे. वीज, पाणी, सांडपाणी यांची सोय त्या हॉटेलालाच करावी लागते. गोडे पाणी बहुधा समुद्राच्या पाण्यापासून तयार करतात. देशातील सुमारे १,२०० बेटांपैकी दोनशेच्या आसपास बेटांवर वस्ती आहे आणि दीडशेहून अधिक बेटे रिसॉर्ट म्हणून वापरात आहेत. कड्याच्या आकाराच्या प्रवाळबेटांना मराठीत कंकणद्वीप म्हणतात; त्यासाठी जगभर रूढ झालेला ‘ॲटॉल’ हा शब्द येथल्याच धिवेही भाषेतील ‘अतोळु’वरून आल्याचे सामान्यतः मानले जाते. काही अभ्यासक त्याचा संबंध मलयाळमशी जोडतात, पण धिवेही व्युत्पत्ती अधिक ग्राह्य वाटते.

पहिले रिसॉर्ट ‘कुरुंबा’ हे विहामनाफुशी या बेटावर ३ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. ‘कुरुंबा’ म्हणजे शहाळे. इटालियन पर्यटन व्यावसायिक जॉर्ज कॉर्बिन आणि मोहम्मद उमर मणिकू, अहमद नसीम व हुसेन अफीफ हे स्थानिक तरुण यांनी ते उभारले. तीस खोल्या, प्रवाळाच्या दगडाच्या भिंती आणि वर माडाच्या झावळ्यांचे छप्पर, एवढाच पसारा होता. त्याच वर्षी बांदोस हे दुसरे रिसॉर्ट आले.

‘एक बेट, एक हॉटेल’ ही पद्धत का रुजली, याविषयी मतभेद आहेत. मुस्लिम समाजापासून मद्य व समुद्रस्नानाचे कपडे दूर राहावेत म्हणून शासनाने जाणीवपूर्वक ही विभागणी केली, असे एक मत. दुसऱ्या मतानुसार विमानतळाजवळची निर्जन, माडांच्या बागायतीची बेटे सहज मिळत होती आणि अशी बेटे खंडाने देण्याची ‘वरुवा’ ही पद्धत आधीपासून होती; तिलाच पर्यटन जोडले गेले. आरंभापुरते दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते, कारण १९७२ मध्ये सर्वंकष पर्यटन धोरण असे काही नव्हते. पद्धत पुढे टिकली ती मात्र पहिल्या कारणामुळे.

पाण्यावर खांब रोवून बांधलेल्या कुटीर-खोल्या आज मालदीवची ओळख मानल्या जातात. तथापि, त्यांचा पर्यटनातील उगम प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियात, साधारण १९६७ च्या सुमारास, रायातेआ बेटावर झाला.

रिसॉर्टची पुळण एका जागी राहत नाही, ही बाब जाहिरातीतील छायाचित्रांत कधीच दिसत नाही. ‘हुळंगू’ या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात (साधारण मे ते नोव्हेंबर) लाटा वाळू बेटाच्या एका अंगाला लोटतात. ‘इरुवै’ या ईशान्य वाऱ्यांत ती परत फिरते. डिसेंबरमध्ये ज्या खोलीसमोर रुंद किनारा असतो, तिच्याच पायरीला जुलैत पाणी लागू शकते. पावसाळ्यात पुळण खचते आणि नंतर भरून येते, हे कोकणातल्या वाचकाला परिचित आहे. येथे तीच वाळू बेटाभोवती फिरते. तिचा मोठा भाग पोपट मासे प्रवाळ कुरतडून, दळून विष्ठेवाटे टाकतात. त्यामुळे भोवतीचा प्रवाळ जपला नाही, तर वाळूचा पुरवठाच आटतो. बंधारे घालून वाळू अडवण्याचे उपाय अनेकदा एक बाजू राखून दुसरी झिजवतात. देशाची जमीन समुद्रसपाटीपासून सरासरी दीड मीटरच उंच असल्याने ही झीज किरकोळ मानता येत नाही.

पाहुणे राजधानी मालेजवळच्या वेलाना विमानतळावरून वेगबोटीने किंवा पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने बेटावर येतात. ही विमाने फक्त दिवसाउजेडी उडतात. सायंकाळी उशिरा पोहोचणाऱ्याला बहुधा माले परिसरात मुक्काम करावा लागतो. मालदीवची वेळ भारतापेक्षा अर्धा तास मागे आहे, पण काही रिसॉर्ट आपली घड्याळे मालेच्या एक तास पुढे ठेवतात. न्याहारीला ‘मस हुनी’ मिळते: ट्युना, खवलेला ओला नारळ, कांदा व मिरची एकत्र चुरून केलेले कोरडे मिश्रण, सोबत ‘रोशी’, म्हणजे आपल्या पोळीसारखीच पातळ भाकरी.

२००९ च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना परवानगी मिळाली आणि जुनी विभागणी सैल झाली. माफुशीसारख्या बेटांवर आता कमी खर्चात राहता येते. मद्य मात्र तेथे आजही वर्ज्य आहे, आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी किनाऱ्याचा वेगळा पट्टा आडोसा करून राखून ठेवलेला असतो.