किंग्ज इंडियन: नवव्या चालीचा वाद

मुंबईतल्या शनिवार-रविवारच्या रॅपिड (कमी वेळाच्या बुद्धिबळ) स्पर्धांत पांढऱ्याने वजिरापुढचं प्यादं सरकवलं की बऱ्याचदा समोरून घोडा एफ६, प्यादं जी६, उंट जी७ येतं: काळ्याचा किंग्ज इंडियन बचाव. हीच मांडणी १८५०च्या दशकात कोलकात्यात एका बंगाली खेळाडूने स्कॉटिश बॅरिस्टरविरुद्धच्या डावांत वापरली होती. देशी बुद्धिबळात प्यादं एकेकच घर चालायचं. त्या सवयीच्या माणसाला अशी संथ, बाजूने उंट काढणारी सुरुवात सहज सुचणारी. युरोपने तिला गांभीर्याने घेतलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास.

खरा वाद पुढचा. १९५३ साली अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे युगोस्लाव्ह ग्रँडमास्टरने काळ्या मोहऱ्यांनी यजमान देशाच्या ग्रँडमास्टरला हरवलं आणि शहराचं नाव या बचावाच्या एका प्रकाराला चिकटलं. पांढरं प्यादं डी५ वर, काळं ई५ वर, केंद्र बंद. आता पांढऱ्याने नवव्या चालीला काय करायचं?

घोडा ई१ केला तर तो डी३ वर जाऊन प्यादं सी५ वर ढकलायला आधार देतो. पण काळ्याला मोकळीक मिळते: घोडा डी७, मग प्यादी एफ५, एफ४, जी५. हत्ती एफ७ वर, उंट एफ८ वर (तिथून डी६ सांभाळतो), मग हत्ती जी७ वर आणि जी४ ची धडक. इथे सी८ चा उंट जपायचाच. एच३ वर बळी द्यायला तोच लागतो. तो आधीच मारामारीत गेला की राजावरचा हल्ला बहुतेकदा विझतो, आणि वजिराच्या बाजूला पांढरा आधी पोहोचतो. क्लबातल्या खेळाडूंचे कितीतरी डाव याच एका चुकीने जातात.

नववी चाल प्यादं बी४ मात्र वेगळी. घोडा एफ३ वरच राहतो, सी५ ची तयारी एका चालीत होते, आणि काळ्याने एफ५ केलं की घोडा जी५ वरून ई६ वर उडी घेतो. तिथे त्याला मारायचं तर सी८ चाच उंट द्यावा लागतो! काळ्याने घोडा एच५ केला, की १९९०च्या दशकात हत्ती ई१ हे उत्तर रूढ झालं: घोडा एफ४ वर आला तरी ई२ चा उंट एफ१ वर सुखरूप सरकतो. १९९७ साली जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह चालींच्या याच ओळीत हरला आणि त्याने किंग्ज इंडियन जवळपास सोडूनच दिला.

आज संगणक पांढऱ्याची जागा जास्त मोजतात. तरी रॅपिडमध्ये बी४ ला काळ्याने घोडा एच५ ची लांबलचक थिअरी टाळून ९...ए५ (नवव्या चालीला प्यादं ए५) खेळावं. पांढरा बहुधा उंट ए३ ने उत्तर देतो.