प्रवेशद्वार हलवण्यापूर्वी पत्त्याचा विचार: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

प्रवेशद्वार एका बाजूने दुसऱ्या बाजूला नेण्याचे काम देताना बहुतेक ग्राहक भिंत, तुळई, पायऱ्या आणि पाण्याचा उतार यांबद्दल बारकाईने विचारतात, पण पत्त्याचा प्रश्न मात्र एखादे रजिस्टर पत्र पाठवणाऱ्याकडे परत गेल्यावरच निघतो. तोवर जुने दार विटांनी बुजवलेले असते. म्हणून हे पत्रक आम्ही अंदाजपत्रकासोबतच देतो.

घरक्रमांक हा पाटीवर दिसत असला तरी तो असतो स्थानिक प्राधिकरणाच्या नोंदवहीत. दार हलवल्याने तो आपोआप बदलत नाही, आणि मालकाने नवी पाटी लावल्यानेही बदलत नाही. मात्र अनेक ठिकाणी क्रमांक देताना मिळकतीत प्रवेश कोठून होतो हेच पाहिले जाते, त्यामुळे दार हलले की जुना क्रमांक चुकीचा ठरण्याची शक्यता निर्माण होते.

नवे दार त्याच रस्त्यावर, काही फुटांच्या अंतराने होत असेल तर सहसा पत्त्याला धक्का लागत नाही; पाटी आणि टपालपेटी नव्या दाराजवळ आणली की पुरते. याला अपवाद आहे तो अंतरावर आधारलेल्या क्रमांकांचा. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या ग्रामीण भागात रस्त्याच्या आरंभापासून फाटकापर्यंतचे अंतर मीटरमध्ये मोजून त्याला दहाने भागतात आणि डाव्या बाजूला विषम, उजव्या बाजूला सम क्रमांक देतात. तेथे फाटक दोनशे मीटर पुढे नेले तर क्रमांकात सुमारे २० चा फरक पडतो, आणि रात्री रुग्णवाहिका घेऊन येणारा चालक त्या क्रमांकावरूनच अंतर ताडत असतो.

खरा गुंता कोपऱ्यावरच्या मिळकतींचा आहे. दार एका रस्त्यावरून दुसऱ्या रस्त्यावर गेले की जुन्या रस्त्याचे नाव पत्त्यात ठेवण्यास प्राधिकरण अनेकदा नकार देते, कारण अग्निशमन दल पत्त्यातील रस्त्यावर पोचले आणि समोर नुसती भिंत दिसली तर मोलाची मिनिटे वाया जातात. नव्या रस्त्यावर मोकळा क्रमांक असेलच असेही नाही. पॅरिसमध्ये १८०५ साली ठरलेली, रस्त्याच्या एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम क्रमांक देण्याची रीत आज अनेक देशांत दिसते. अशा रस्त्यावर १४ आणि १६ यांच्यामध्ये नवे दार उघडले तर दोहोंच्या मधला सम क्रमांक शिल्लकच नसतो आणि ‘१४ अ’ असा क्रमांक मिळतो. असा क्रमांक टाळता येत असेल तर टाळावा असे आमचे मत आहे, कारण घाईत लिहिताना ते अक्षर गळते आणि पत्र शेजाऱ्याकडे जाते. जुने दार दुय्यम म्हणून चालू ठेवले तर जुना पत्ता कायम राहील का, हे आधीच विचारून घ्यावे. काही ठिकाणी तशी मुभा मिळते, आणि मग आराखड्यात थोडा बदल करून पत्त्याचा सगळाच प्रश्न मिटतो.

पत्त्यात रस्त्याचे नाव नसते तेथे दाराच्या जागेला महत्त्व नसेल, असा समज होऊ शकतो. जपानचे उदाहरण त्याच्या उलट आहे. तेथे १९६२ च्या कायद्यानुसार आखलेल्या भागांत घरांच्या गटाच्या कडेचे ठरावीक अंतराचे तुकडे पाडून त्यांना क्रमाने आकडे दिलेले असतात, आणि घराचा मुख्य प्रवेश ज्या तुकड्यावर उघडतो त्याचा आकडा त्या घराला मिळतो. साहजिकच दार हलवले की तो बदलू शकतो.

आता टपालाविषयी. पोस्टमनची बीट, म्हणजे टपाल वाटण्याची फेरी, ठरलेली असते आणि पत्रे त्या बीटच्या क्रमाने लावलेली असतात. नवे दार दुसऱ्या बीटमध्ये गेले, पण पत्रांवर जुनाच रस्ता लिहिलेला असला, तर ती जुन्या बीटमध्येच येतात. रोजचा पोस्टमन वळसा घालून पत्र देईलही. त्याच्या रजेच्या दिवशी आलेला बदली माणूस तसे करीलच असे नाही. पिनकोडचा प्रश्न देशागणिक वेगळा आहे. भारतात एक पिनकोड टपाल वाटणाऱ्या कार्यालयाच्या संपूर्ण हद्दीला लागू होतो, त्यामुळे दोन हद्दींच्या सीमेवरची मिळकत सोडली तर तो बदलत नाही. ब्रिटनमध्ये मात्र एका संकेतांकात सरासरी पंधराच्या आसपास पत्ते येतात, म्हणून तेथे रस्ता बदलला की बहुधा संकेतांकही बदलतो.

कुरिअरवाले लिखित पत्त्यापेक्षा मोबाइलच्या नकाशावरील खुणेवर अधिक विसंबतात. ती खूण अनेकदा इमारतीच्या मध्यभागी किंवा जुन्या दाराशी असते. पत्ता तोच राहिला तरी ही खूण नव्या दारावर आणून ठेवावी.

इमारतीत भाडेकरू किंवा इतर कुटुंबे राहत असतील तर मुख्य प्रवेशाबरोबर त्या सर्वांचा पत्ता बदलतो, आणि त्यांच्या बँका, विमा व ओळखपत्रे यांचे कामही वाढते. त्यांना काम सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावे. जमिनीचा भूमापन क्रमांक आणि विजेचा ग्राहक क्रमांक दारावर अवलंबून नसतात. या कागदांवर केवळ पत्त्याची ओळ दुरुस्त करावी लागते. प्राधिकरणाचे नव्या क्रमांकाचे लेखी पत्र हाती आल्यावर प्रथम टपाल कार्यालयाला कळवावे आणि त्यानंतरच इतरांकडे अर्ज करावेत, कारण बहुतेक कार्यालये तेच पत्र पुरावा म्हणून मागतात.

प्राधिकरणाकडील अर्ज मालकानेच करायचा असतो. त्याला जोडण्यासाठी जुन्या व नव्या दाराचे मिळकतीच्या कोपऱ्यापासूनचे अंतर दाखवणारा नकाशा आम्ही देतो. नव्या क्रमांकाचे पत्र येईपर्यंत जुनी टपालपेटी तिच्या जागी राहू द्यावी. दार बुजवले तरी पेटीपुरती फट भिंतीत ठेवता येते. पेटी काढण्याची तारीख करारात स्वतंत्र लिहावी, कारण तशी नोंद नसल्यास आमचे कारागीर पेटीला हात लावत नाहीत.