जुनी जीप की नवी? दाखवायला आणाल तेव्हा धुऊन आणू नका

काजूचा मोसम सुरू झाला की गोव्यातल्या आमच्या गॅरेजात रोज कुणी ना कुणी तोच प्रश्न घेऊन उभा असतो: “मेस्त, जुनी जीप घेऊ की महिंद्राची नवी थार?” कुणाचं सत्तरी तालुक्यात डोंगरावर काजूचं भाट (बाग) असतं, कुणाचं सावईवेऱ्याला कुळागर (पोफळीची बाग), आणि कुणाच्या पोराला नुसतीच टप काढलेली जीप हवी असते. गाडीखालून डोकं बाहेर काढून प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत बसलो तर हातातलं काम तसंच राहतं. म्हणून हा कागद छापला. घरी न्या, सावकाश वाचा, मग या.

आम्ही आधी उलट विचारतो. गाडी जाणार कुठे, आणि आठवड्यातून किती दिवस?

रोज फोंड्याहून पणजीला नोकरीला जायचं, मागे घरची माणसं बसवायची आणि रविवारी कुळागरात एक फेरी मारायची, असं असेल तर नवी घ्या. २०२० नंतरच्या थारला पुढे दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे, ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत तिला चार तारे मिळालेत. महिंद्राच्या जुन्या जीपमध्ये, म्हणजे एमएम ५४० मध्ये, छातीसमोर स्टीअरिंगचा दांडा, बाकी देवाची कृपा. टिपरच्या मागेपुढे रोज चालवायला ती गाडी आम्ही स्वतःच्या मुलाला देणार नाही, तर तुमच्या मुलाला कशी सुचवू?

पण गाडी भाटातच राहणार असेल, बोंडूंनी (काजूच्या फळांनी) भरलेली पिंपं भट्टीपर्यंत उतरवायची असतील आणि अख्ख्या वाटेत डांबर दोन किलोमीटर, तर नव्या डिझेलवर पैसे घालू नका. बीएस-६ (धुराच्या नव्या नियमाच्या) डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरून ठेवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. तो भरत आला की गाडी आपली आपण काजळी जाळून टाकते, पण त्यासाठी इंजिन चांगलं तापून थोडा वेळ सलग पळावं लागतं. भाट ते भट्टी, भट्टी ते भाट, यात ते कधी होतच नाही. मग दिवा लागतो, ओढ कमी होते, आणि गाडी आमच्या दारात येते. आम्ही ती अर्धा तास मोठ्या रस्त्यावर पळवून आणतो, बहुतेक वेळा दिवा विझतो, आणि गिऱ्हाईकाला वाटतं की नुसती गाडी फिरवून यांनी पैसे घेतले. फिरवूनच घेतले, खोटं कशाला बोला. पण तीच फेरी तुम्ही पंधरा दिवसांतून एकदा मारलीत तर आमच्याकडे यावंच लागणार नाही.

जुन्या एमएम ५४० च्या २.१ लिटर प्यूजो इंजिनाला असली नाटकं नाहीत. पंप यांत्रिक, कॉम्प्युटर नाही, आवाज भरपूर. आमच्या हाताखालचा नवीन पोरगासुद्धा ते महिन्याभरात शिकतो. मारुतीची कार्बोरेटरची जिप्सी हलकी, चिखलात डुकरासारखी वर निघते, पण डिस्ट्रिब्युटरवर (ठिणगी वाटणाऱ्या भागावर) पाणी उडालं की मधोमध रुसते. तिच्या जागी आलेली जिम्नी २०२३ ची. पुढेमागे सरळ ॲक्सल (दोन चाकांना जोडणारा अखंड दांडा) तिनेही ठेवलेत, पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) मात्र गेले, कॉइल स्प्रिंग आल्या. कंबर दुखणाऱ्यांनी दोन्ही चालवून बघाव्यात, फरक लगेच कळतो.

मधली एक गाडी लोक विसरतात, २०१० ते २०२० मधली थार. अडीच लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन असेल तर एसी आहे, पुढचं सस्पेन्शन जीपपेक्षा मऊ, मागे पाटेच. एअरबॅग नाहीत. भाटातही जायचं आणि अधूनमधून पणजीलाही, असा ज्याचा हिशोब असेल त्याला आम्ही हीच बघायला सांगतो.

आणि एक सापळा. २०२० ची नवी थार आली तेव्हा थार म्हणजे फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाचा जोर) असं डोळे मिटून म्हणता येत होतं. जानेवारी २०२३ पासून तीच थार नुसत्या मागच्या चाकांवर चालणारीही मिळते. पाच दारांची थार रॉक्स ऑगस्ट २०२४ मध्ये आली तेव्हा फोर-बाय-फोर फक्त डिझेलला होतं. बाहेरून बघून ओळखू येईलच असं नाही. गियरच्या बाजूला दुसरा छोटा दांडा आहे का ते बघा. तो नसेल तर पुढची चाकं नुसती दिशा दाखवायला आहेत. “स्वस्तात मिळाली” म्हणून आणलेल्या दोन थार आमच्याकडे अशाच निघाल्या. दोन्ही मालकांना ते चढणीवरच्या चिखलात कळलं.

आता मुद्द्याचं. तुमचा आणि आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो माहीत आहे? धुतलेल्या गाडीत.

गिऱ्हाईक फोन करतं, “उद्या विकत घ्यायची गाडी दाखवायला आणतो.” आणि ती येते चकाचक. खालून प्रेशरने धुतलेली, इंजिन पुसलेलं, टायरला काळं फासलेलं, वरून वाळपईहून पळवत आणल्यामुळे बॉनेटवर हात ठेववत नाही. विकणाऱ्याने धुतली हे समजू शकतो, त्याला विकायची आहे. पण कित्येकदा घेणाराच मधे थांबून धुऊन आणतो, आम्हाला बरं वाटावं म्हणून! अशा गाडीवर आम्ही तीन तास घालवतो आणि तरी छातीठोक सांगता येत नाही.

तेल गळत असेल तर तेलावर धूळ बसून काळा, चिकट थर धरतो. थर कुठून सुरू होतो ते बघितलं की कुठलं सील गेलंय ते कळतं. धुतल्यावर तो माग पुसला जातो आणि परत दिसायला गाडी दोनतीनशे किलोमीटर चालवावी लागते. इंजिनाचंही तसंच. झिजलेलं जुनं डिझेल सकाळी थंड असताना लवकर उठत नाही, उठलं की पहिला मिनिटभर पांढरा नाहीतर निळा धूर सोडतं. तापल्यावर तेच इंजिन एका चावीत उठतं आणि शहाण्यासारखं वागतं. म्हणून गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी आमच्याकडे आणून ठेवा, रात्रभर थंड होऊ दे. जागा आहे, भाडं नाही.

नव्या गाडीत धुण्याच्या जागी स्कॅनर असतो. दाखवायच्या आधी कुणीतरी बिघाडाचे कोड पुसून टाकतं आणि आमच्या पडद्यावर सगळं ठीक दिसतं. घेणाऱ्याने चारपाच दिवस चालवली की ते एकेक परत उमटतात. त्यामुळे नव्या थारसाठीही आम्ही नुसत्या स्कॅनवर मत देत नाही.

नव्याच्या बाबतीत गोव्यात आणखी एक बघायचं असतं. पर्यटकांना भाड्याने दिलेल्या थार दोनतीन वर्षांत बाजारात येतात. किनाऱ्यावर गाडी घालणं बेकायदा आहे, तरी घालणारे घालतात, आणि खारं पाणी कागद बघत नाही. सीट पुढेमागे सरकते त्या पट्ट्यांत, दाराच्या रबराखाली, मागच्या गालिच्याच्या कोपऱ्यात बोट घाला. बारीक वाळू लागली तर चॅसी (गाडीचा लोखंडी सांगाडा) दुप्पट नीट बघा. आतून धुतलेल्या गाडीत ही वाळूसुद्धा मिळत नाही.

मागच्या वर्षी एक गृहस्थ नव्वदच्या दशकातली एमएम ५४० घेऊन आले. खालून सगळी काळीभोर, अंडरबॉडी कोटिंग नुकतंच केलेलं, वासही गेला नव्हता. पैसे आधीच दिले होते. खालून बघायच्या खड्ड्यावर घेतली आणि छोट्या हातोडीने पुढून मागे चॅसी ठोकत गेलो. चांगलं लोखंड टण् वाजतं. मागच्या पाट्यांच्या शॅकलजवळ (पाटे चॅसीला लटकतात तिथे) आलो आणि आवाज थप् झाला, ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. दुसऱ्या ठोक्याला हातोडीचं टोक आत गेलं. बाहेर काढलं तर आतून मूठभर तांबडी माती आणि गंजाचे पापुद्रे पडले. चॅसीच्या पोकळीत आपली चिऱ्याची माती साचते, पाणी जायची भोकं बुजतात, आणि पाऊस गेल्यावरही आत महिनोन्‌महिने ओल राहते. बाहेरून काळा रंग, आतून पापड. ते गृहस्थ खड्ड्याच्या काठावर उभे होते, काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. वेल्डिंगचा खर्च गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेला.

तेव्हा बयाणा देण्याआधी आणा. टोकन दिल्यावर आणलीत तर आमचं मत म्हणजे वरातीमागून घोडं. आणि विकणारा हातोडी मारू देत नसेल तर तो काय सांगतोय ते समजून घ्या.

काही जण विचारतात, नुसतं बघायचे पंधराशे कशाला? मोबाईलवर फोटो पाठवतो, सांगा. फोटोत चॅसी वाजत नाही, मेस्त तरी काय ऐकणार? पंधराशे रुपयांत गाडी रात्रभर आमच्याकडे, सकाळी थंड इंजिन, खड्ड्यावर चॅसी, ॲक्सलचं तेल, फोर-बाय-फोर घालून मागच्या चढावर एक फेरी, आणि शेवटी हाताने लिहिलेला एक कागद. गाडी घेऊन काम आमच्याकडे केलंत तर हे पैसे बिलातून वजा. आम्ही गाड्या विकत नाही, कुणाकडून दलाली घेत नाही. “घेऊ नका” म्हटल्यावर आम्हालाच एका गाडीचं काम कमी होतं, हे जरा लक्षात घ्या.

कागदपत्रांचं थोडक्यात. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. त्याचं शुल्क आता पूर्वीसारखं किरकोळ राहिलेलं नाही, म्हणून सौदा करण्याआधी आरटीओत विचारून घ्या आणि ती रक्कम किमतीत धरा. “डिझेल दहा वर्षांनी बंद ना?” हा प्रश्न आठवड्यातून दोनदा येतो. तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागाचा, गोव्याचा नव्हे. चॅसीवर ठोकलेला नंबर आरसीशी पडताळा, इंजिनाचाही. जुन्या जीपमध्ये इंजिन बदलून डिझेल बसवलेलं असतं आणि आरसीवर पेट्रोलच राहतं, असं फार वेळा बघितलंय. परराज्यातली गाडी असेल तर तिथली एनओसी आणि गोव्याचा रोड टॅक्स धरून हिशोब करा. मोठे टायर, कापलेला टप, वर चार दिवे लावून हवेत म्हणून आमच्याकडे येऊ नका. कंपनीने दिलेली बांधणी आरसीच्या विरुद्ध बदलायची परवानगी कायद्यात नाही, आणि पोलिसांनी अडवल्यावर तुम्ही आमचंच नाव सांगणार.

पाण्याबद्दल एवढंच. दूधसागर धबधब्याला जाणाऱ्या कुळे गावच्या जीपा ओढ्यातून जाताना बघून लोकांना वाटतं, पाणी म्हणजे जीपचं घरच. २०२० च्या थारला कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, म्हणजे साधारण गुडघ्याच्या वर. हे थांबलेल्या पाण्याचं माप, पावसातल्या म्हादईचं नव्हे. पाण्यात इंजिन बंद पडलं तर परत चावी मारू नका. आत पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग जुनी काय, नवी काय, सारखंच. ओढा ओलांडून आल्यावर जुन्या जीपचे ड्रम ब्रेक हलके दाबत थोडं चालवा म्हणजे सुकतील. तापलेला ॲक्सल थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. तेलाचा बोल्ट सोडल्यावर तेल चहासारखं दुधी निघालं तर लगेच बदला, दुसऱ्या फेरीची वाट बघू नका. कोरड्या डांबरावर मात्र फोर-बाय-फोर घालून चालवू नका. या सगळ्या गाड्यांत पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधला जातो, वळणावर चाकं घासतात आणि भार ट्रान्स्फर केसवर (दोन्ही ॲक्सलना जोर वाटणाऱ्या पेटीवर) येतो. “पाऊस होता म्हणून घातलं होतं” हे आम्ही दर चतुर्थीच्या आधी ऐकतो.

गंज धरू नये म्हणून चॅसीच्या पोकळीत मेणाचा फवारा आम्ही फक्त एप्रिल आणि मे मध्ये मारतो. त्यासाठी गाडी आतून धुऊन दोन दिवस उन्हात सुकवावी लागते. जूनमध्ये येऊन “फक्त मारून द्या” म्हणू नका, ओल्या लोखंडावर मेण मारलं तर ओल आतच कोंडते. नंबर मार्चपासून लावतो, जुन्या गिऱ्हाइकांना आधी.

तपासणी सोमवार ते शुक्रवार, सकाळी साडेआठला. गाडी आदल्या संध्याकाळी, चिखलासकट. विकणारा बरोबर आला तर बरंच, चहा आमच्याकडून.